आवळतं का?

औषधाच्या दुकानात सून काउंटरवर उभी राहायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी एवढंच बजावलं होतं, "कंडोम मागणारं गिऱ्हाईक आलं की तू आत जायचं. मी बघेन."

एका दुपारी सासरे आत माल लावत होते आणि एक पेंटर आला. खाली बघतच म्हणाला, "न फाटणारं द्या. दोनदा फाटलं. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात दिवस जायला नकोत."

सून आत गेली नाही. "आवळतं का?"

"आवळतं. पण सगळी सारखीच असतात ना?"

"नाही. पाकिटावर रुंदी लिहिलेली असते, ती बघायची. घट्ट झालं तर फाटतं, सैल झालं तर निसटतं. हे जरा रुंद आहे, वापरून बघा. आवळलं तर परत या, लाजू नका."

सासऱ्यांनी सगळं ऐकलं, पण ते बाहेर आले नाहीत.

सहा महिन्यांनी पेंटर मित्राला घेऊन आला. "बायको ठणठणीत आहे," त्यानं आधी सांगितलं. मित्र मात्र सुनेला बघून बिचकला आणि सासऱ्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजला.

"अहो, मी चाळीस वर्षं नुसती पाकिटं कागदात गुंडाळून दिली," सासरे म्हणाले. "मला काय विचारता?" मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा आवाज चढवून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, तुमचं गिऱ्हाईक आलंय!"