टेम्पोतली सोय

कमानीच्या कडेला टेम्पोचे डोके टेकले आणि आकाशने ब्रेक दाबला.

"मी मोजलं होतं गं," खिडकीतून मान काढून तो बायकोला म्हणाला. "चांगली चार बोटं जागा सुटत होती."

संघमित्राने वर पाहिले, मग खाली. नवऱ्याचे माप चुकले नव्हते. कमानही खाली आली नव्हती. जमीन वर आली होती. गेल्याच महिन्यात सोसायटीने गेटखाली पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि त्या सौंदर्यवृद्धीचा नारळ सेक्रेटरी विद्याधर यांच्या हस्ते फुटला होता. आज दुपारपर्यंत टेम्पो आवारातून हलवावा, ही नोटीसही त्यांचीच. बाहेर काढा म्हणणारा आणि बाहेरची वाट अडवून ठेवणारा माणूस एकच असावा, यात इतिहासाची प्राध्यापिका असलेल्या संघमित्राला नवे असे काही आढळले नाही.

विद्याधर रविवारचा पांढरा झब्बा घालून कमिटीच्या मंडळींसह फाटकाशी उभे होते. "वरचं ते खोकं कापून टाका ना," ते म्हणाले. "वेल्डरला बोलावतो. कितीसं काम ते!"

"ते कापलं तर मी उतरते," टेम्पोच्या पाठीवरल्या खोलीतून आवाज आला. "मग जायलाच नको."

आवाज आकाशच्या आईचा, जयाबाईंचा होता. चिखलीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करायचे, आणि तरीही पेट्रोल पंपामागच्या कुलूपबंद दारासमोर पाय आवळून उभे राहायचे, हे त्यांना आता झेपत नव्हते. डोंगर फोडून आठपदरी रस्ते काढणाऱ्या देशाला बाईला बसण्यापुरता आडोसा काही सुचला नव्हता. तो आकाशला सुचला. जुन्या टेम्पोच्या पाठीवर त्याने आवारातच खोली उभारली. पेशाने तो दातांचा डॉक्टर. दाढेतली पोकळी बुजवावी तशा निगुतीने त्याने प्लायवूडच्या फटी भरल्या होत्या. बाक उचलला की अंथरूण, फळी पाडली की ओटा. पण सारी अक्कल खर्च झाली होती ती कोपऱ्यातल्या संडासावर. पहिले दार आईच्या गुडघ्यांना लागले. त्याने ते सरकते केले. बैठक बुटकी ठरली; त्याने ती उचलली. उठताना धरायला दांडी हवी होती. ती त्याने आईचा हात जिथे आपोआप गेला तिथेच ठोकली. आणि छतावरचे ते खोके म्हणजे त्या कोपऱ्यातली हवा बाहेर जायची वाट. ते कापणे म्हणजे चिखलीच कापणे.

चाकांतली हवा कमी करून झाली. तरी बोटभर अंतर अडतच होते.

"आकाश," आतून जयाबाई म्हणाल्या, "मी चढले तेव्हा गाडी जरा बसली होती रे."

आकाश थबकला. त्याने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिले, मग फाटकाशी उभ्या असलेल्या कमिटीकडे. नजरेतला अर्थ संघमित्राच्या ध्यानात आला, आणि तिने तो आपल्या वर्गातल्या शांत, थंड आवाजात उच्चारला.

"विद्याधरकाका, तुम्ही सगळे आत बसा."

"मी? ह्यात?"

"गाडी बाहेर जावी, असं तुमचंच म्हणणं आहे ना?"

"चला हो, विद्याधरराव," खजिनदार देवदत्त हसत पुढे झाले. "तुमचं वजन पहिल्यांदाच सोसायटीच्या कामी येतंय!"

एकेक जण वर चढला. पाटे कुरकुरले. शेवटी संघमित्रा चढली आणि दाराशी उभी राहिली. आत देवदत्तांनी फळी पाडून पाहिली, उचलून पाहिली, पुन्हा पाडली. "झकास आहे यार! माझ्या किचनपेक्षा बरं." विद्याधर कोपऱ्यातल्या दाराशी बसले होते. त्यांनी एका बोटाने ते सरकवले. ते आवाज न करता सरकले. त्यांनी आत वाकून दांडी पाहिली, धरून पाहिली आणि तेवढ्याच हलकेपणाने दार लावून टाकले.

"घरी केलंस हे?" त्यांनी पुढे हाक दिली.

"हो काका. आईने तीनदा नापास केलं."

"आमची ही, माणिक, लोणावळ्याच्या पुढे येत नाही," विद्याधर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला वाटायचं, हौसच नाही तिला."

बाहेरून वॉचमन ओरडला, "येऊ द्या! हळू!" टेम्पो इंचाइंचाने सरकू लागला. खोके आणि कमान यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ उमटली.

जयाबाईंनी भिंतीवरची छोटी तोटी सोडली. स्टीलचा पेला भरला आणि विद्याधरांपुढे धरला.

संघमित्रा पाहत राहिली. ती या इमारतीत राहायला आल्यापासून विद्याधर वर्गणीसाठी, सह्यांसाठी, निवडणुकीसाठी तिच्या दारात आले होते; उंबऱ्याच्या आत कधी नाही. पाणी विचारले की उत्तर ठरलेले असे, आणि ते इतके सभ्य असे की त्यावर रागावण्याचीही सोय नसे.

"नको, नको," विद्याधर उठू लागले, "आत्ताच चहा—"

"कोणी उठू नका!" आकाश पुढून ओरडला. खोके नेमके कमानीखाली आले होते.

विद्याधर खाली बसले. पेला त्यांच्यासमोर होता, काठोकाठ भरलेला. वर उजेडाची रेघ थरथरत होती.

"घ्या हो," जयाबाई म्हणाल्या. "पोटभर प्या. सोय आहे."