जपाच्या वह्यांतली एक

रोज एक पान रामनाम लिहायचं, हा विजयमालाबाईंचा नेम. साठी उलटल्यावर तसल्याच एका वहीत त्यांनी गुपचूप आपल्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या. एकादशीला त्यांच्या मुलानं, शिवराजनं, जपाच्या भरलेल्या वह्या मठात नेऊन दिल्या, आणि त्यांत तीही गेली.

कळलं तशा त्या हातातलं काम टाकून निघाल्या. तान्ह्या शिवराजला पोटाशी बांधून त्या एकदा तळ्यावर जीव द्यायला गेल्या होत्या. आजवर ते देवालाच ठाऊक होतं, आता त्या वहीला. आणि मठात वह्या तपासायला बसायच्या वैरागच्या केराबाई! त्यांच्या कानावर सकाळी पडलेलं संध्याकाळी अख्ख्या शुक्रवार पेठेत पसरायचं.

रामनाम पुटपुटत त्या मठात पोचल्या. केराबाईंच्या मांडीवर तीच वही उघडी होती.

"ह्यात रामाचं नाव कुटं हाय गं?"

"चुकून आली, मावशी. पाया पडते, कुणाला सांगू नका."

"बस खाली." केराबाईंनी बाकीच्या वह्यांसारखंच तिलाही हळदकुंकू लावलं. "निम्म्यातच सोडलीस की. तळ्यावरनं माघारी कशी आलीस, ते लिवलंच न्हाईस."

"भीती वाटते, मावशी."

"तरी लिव." त्यांनी वही हातात दिली, पण हात सोडला नाही. "मी बी तितनंच माघारी आलेय. चाळीस वर्सं झाली, कुणापाशी बोलले न्हाय."