भजनी टाळी

"प्रेक्षकांत कुणीतरी भलत्याच ठेक्यात टाळ्या वाजवतंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "अल्बममधून काढून टाकतो."

"थांब." गिटारवादक मृण्मयीनं हेडफोन कानांवर दाबले. लिस्बनचं ते सभागृह पुन्हा अंधारात तरंगू लागलं. ड्रम्सच्या लाटांखालून, खूप लांबून, एक भजनी टाळी येत होती. दर गुरुवारी घरी ऐकू यायची तशीच.

बाबा दौऱ्यावर सोबत आले होते, पण कार्यक्रमाला नाही. गुडघ्याचं निमित्त करून हॉटेलवरच राहिले. तेव्हापासून तिनं त्यांना एकही गाणं ऐकवलं नव्हतं.

तिनं फोन लावला. "बाबा, लिस्बनला तुम्ही हॉटेलवर झोपला होतात ना?"

"हो. का गं?" मग ते घुटमळले. "तिसऱ्या गाण्यात तुमचा ड्रमवाला फार पळत होता. मीच सावरत होतो त्याला."

मृण्मयीनं टाळीचा आवाज थोडा वाढवला.