सांडलेलं पाणी

शिपायाने आणून ठेवलेला पाण्याचा ग्लास तिने बोटाने दूर सरकवला.

"अध्यक्ष महोदय, बाही झाली. आता मी कॉलरकडे वळते."

सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. "काजं-बटणं कधी घेणार?" कुणीतरी ओरडलं. विरोधी पक्षनेती सकाळपासून बोलत होती. एका शर्टाला किती बायांचे हात लागतात आणि त्या बायांना दिवसातून किती वेळा जागेवरून उठू देतात, याचं पुराण तिने लावलं होतं. दुसरा इलाजच नव्हता. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. पाचची घंटा होईपर्यंत मतदान झालं नाही तर विधेयक बारगळणार होतं. ती खाली बसली किंवा दाराबाहेर गेली की भाषण संपलं आणि लगेच मतदान. सरकारकडे वर करायला हात भरपूर होते. हिच्याकडे फक्त जीभ होती.

विधेयक दोन ओळींचं. कारखान्यात कामाच्या मधे सुट्टी द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने, म्हणजे मालकाने ठरवावं. "कुणाला उठायचंच असेल तर त्याने साहेबाला विचारावं, एवढंच," असं कामगारमंत्री बाईंनी सकाळी मोठ्या गोड आवाजात सांगितलं होतं.

या मंत्रीबाई आणि ती एकेकाळी एकाच शेडमध्ये, शेजारशेजारच्या मशीनवर शर्ट शिवायच्या. बाई वयाने थोर, म्हणून सगळी लाइन त्यांना मोठी म्हणायची आणि हिला धाकटी. सुईत दोरा कसा ओवायचा ते मोठीनेच शिकवलं. पहिल्या संपाला हाताला धरून फाटकाबाहेरही मोठीनेच नेलं. पुढे मोठी सरकारात गेली आणि तिला साहेबांची बाजू कळू लागली.

धाकटी कॉलरवर बोलत राहिली. मघापासून ओटीपोटात कळ येत होती. सकाळी गोळीबरोबर घेतलेलं पेलाभर पाणी, तेवढंच काय ते पोटात. पाणी न पिण्याची सवय जुनीच. लाइनवर संडासाला जायला सगळ्यांत मिळून एकच पास असायचा, खिळ्याला टांगलेली लाकडी पट्टी, आणि ती खिळ्यावर कधी दिसायची नाही. म्हणून बाया भरलेली बाटली मशीनपाशी ठेवायच्या आणि तिला तोंड लावायच्या नाहीत. त्या सवयीने धाकटीचं एक मूत्रपिंड खाल्लं होतं. उरलेलं डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं.

"ताई, जाऊन या तुम्ही," शेजारच्या बाकावरचे तिच्याच पक्षाचे वकील आमदार कुजबुजले. "हरलो तर हरलो. पण असं जिवावर बेतायला नको."

तिने मान हलवली. घड्याळात थोडाच वेळ उरला होता. कळ कमरेत शिरली, तसं तिने समोरचं टेबल घट्ट धरलं.

आणि मग पायांवरून काहीतरी गरम ओघळलं.

ती थांबली नाही. फक्त एकच वाक्य दोनदा बोलली. कान तापले. पिकल्या केसांची बाई, भर सभागृहात! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वकील घड्याळाकडे बघत होते. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

एकीच्या आलं होतं. कामगारमंत्री जागेवरून उठल्या, आपला भरलेला ग्लास घेऊन मधली वाट ओलांडून आल्या आणि तो ग्लास त्यांनी धाकटीच्या पायाशी उपडा केला.

"पाणी सांडलं गं बाई माझ्या हातून!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग तिच्या दंडावर हात ठेवून अगदी हळू, "बस आता, धाकटे. कुणाला काही कळणार नाही."

लाइनवर असंच करायच्या. एखादीला धरवलं नाही की शेजारीण आपली बाटली उपडी करायची आणि ओरडायची, पाणी सांडलं! साहेब पाण्यावरून शिव्या घालायचा आणि त्या बाईची अब्रू वाचायची. भरलेल्या बाटल्या बहुतेक त्याच कामाला यायच्या. धाकटीवर ती वेळ आली तेव्हा बाटली मोठीचीच होती.

धाकटीचे डोळे भरून आले. खुर्ची मागेच होती. दंडावरचा हातही तोच, जुना, मायेचा. तो खाली दाबत होता.

"अध्यक्ष महोदय," तिचा आवाज चिरकला. "मंत्रीबाईंनी सांडलं ते पाणी पुसून घ्या. पण त्याच्या खाली आहे, ते पाणी नाही. साहेबाला विचारत बसलं की असं होतं. ते काय आहे हे मंत्रीबाईंना माहीत आहे. त्यांना विचारा आणि जे सांगतील ते नोंदवून घ्या."

वकिलांनी खाली पाहिलं आणि मान फिरवली.

"मंत्रीमहोदया," अध्यक्ष चाचरत म्हणाले, "आपल्याला काही सांगायचंय?"

"पाणी आहे म्हणा आणि मोकळ्या व्हा!" सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "मतदान घ्यायचंय अजून!"

मोठीने धाकटीच्या दंडावरचा हात काढला. एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून, ओल्या फरशीकडे बघत, पाचची घंटा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.