घट्टा

पिस्तुलाच्या नव्या मॅगझिनमध्ये शेवटची गोळी काही केल्या जाईना. स्प्रिंगच एवढी कडक, की कॉन्स्टेबल वैजयंताचा अंगठा सोलून निघाला. त्या पोलीस शस्त्रागाराची रीतच होती: कोरी मॅगझिनं बायकांनी सैल करायची, मग ती पुरुषांनी वापरायची.

रोज कवायतीनंतर ती गोळ्या भरायची, काढायची, पुन्हा भरायची. स्प्रिंग नरमली, अंगठ्याला घट्टा पडला.

नेमबाजी स्पर्धेत वैजयंताही उतरणार होती. त्या सकाळी शस्त्रागाराच्या हवालदारांनी हात पुढे केला. "आण ती मॅगझिनं. पोरांना देतो. तू ही नवी घे."

वैजयंताने अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "ज्याच्या अंगठ्याला असा घट्टा असेल, त्याला पाठवा साहेब. त्याला हसत देते."

नरमलेली मॅगझिनं कमरेला खोचून ती मैदानाकडे निघाली. हवालदारांचा हात तसाच पुढे राहिला.