सोबतीची तपासणी

विमा नूतनीकरणाच्या आठवड्यात सोसायटीतली सगळी दारं उघडी असायची. एकट्या माणसाला आजार लवकर गाठतो, म्हणून कंपन्या आता रक्तदाबासारखी सोबतही मोजत. तपासणीच्या आठवड्यात मनगटावरच्या पट्ट्याला रोज तासभर गप्पा ऐकू आल्या, की हप्ता कमी होई.

समोरच्या निफाडकर वहिनी त्यासाठीच आठवडाभर मोहोळकरांकडे येत होत्या. दोघंही एकटेच राहत. आज शेवटचा दिवस, म्हणून मोहोळकरांनी उपमा केला होता, वहिनींना आवडतो तसा, वरून भरपूर लिंबू पिळून.

"भाऊजी, योजना निवडलीत का?"

मोहोळकरांनी फोन जवळ ओढला. स्वस्त योजनेत सोबतीची तपासणी वर्षातून एकदाच होती. महागड्या योजनेत ती दर महिन्याला होणार होती. महिन्यातून आठवडाभर उपमा करायला आपली काहीच हरकत नाही, असा विचार करून त्यांनी महागडीवर बोट टेकवलं. आता वर्षभर ती बदलता येणार नव्हती.

"निवडली," ते म्हणाले. "तुम्ही कुठली घेतलीत?"

"नेहमीचीच, वर्षातून एकदावाली. दर महिन्याला कोण एवढं बोलत बसणार?"

तेवढ्यात वहिनींचा पट्टा वाजला. तास भरला होता. त्यांनी बशी विसळून ओट्यावर पालथी घातली आणि दाराशी जाऊन चपला चढवल्या.

"बराय भाऊजी, भेटू पुढच्या वर्षी," असं म्हणून त्यांनी समोरचं दार आतून लावून घेतलं.