आधी उडू दे

"आणखी थोडा तिरका करा, बाबा. असा लावला तर नुसतं रॉकेटचं पोटच दिसेल."

मुलीने पुठ्ठ्याचं रॉकेट मांडीवर आडवं धरलं होतं. फिटर त्यावर अंगठ्याएवढा कॅमेरा दाबून चिकटपट्टीचे वेढे देत होता. तसलाच दुसरा कॅमेरा बरोबर विरुद्ध अंगाला बसला होता. एकच लावला तर रॉकेट त्या बाजूला कलतं, म्हणून दोन.

पट्टी पुन्हा सुटली. फिटरने कारखान्यात जन्मभर लोखंडाला लोखंड बसवलं होतं, पण कॅमेरे त्याने कधी बसवले नव्हते. ते काम बायकोचं. तिची बोटं बारीक. रॉकेटला ती सवत म्हणायची आणि दर रविवारी सवतीचा नट्टापट्टा स्वतःच करून द्यायची. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

"आई तुम्हाला खरंच काही बोलली नव्हती?" मुलीने मान वर न करता विचारलं.

हे ती फोनवरही विचारायची. फिटरचं उत्तर ठरलेलं होतं. त्या उत्तराच्या जिवावरच त्याला झोप लागायची.

"अगं, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारी बाई ती. पण पोटातल्या या दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला कळलं असतं तर त्याच दिवशी उचलून दवाखान्यात नेलं असतं."

मुलीने सुटलेल्या पट्टीचं टोक दाबून धरलं. मग म्हणाली, "शेवटचा व्हिडिओ लावा. आई किती तिरका लावायची ते तरी बघू."

त्याने लावला. सवयीने त्याचं बोट व्हिडिओ पुढे सरकवायला गेलं. रॉकेट उडेपर्यंतचं तो कधी बघत नसे. मुलीने त्याचा हात धरला. "सुरुवातीपासून बघू या."

बायकोचा चेहरा पडदाभर आला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला का, ते बघायला ती वाकून खालून डोकावली होती. दिवा लागला होता. तरी ती सरळ झाली नाही. एका हाताने तिने रॉकेटचा स्टँड घट्ट धरला, दुसरा पोटावर दाबला आणि डोळे मिटले. तोंड उघडून ती श्वास घेत होती. तिच्या मागे, माळावर, फिटर पाठमोरा वायर उलगडत चालला होता.

"अहो," ती म्हणाली. "जरा इकडे या ना. तुम्हाला एक सांगायचंय."

लांबून त्याचाच आवाज आला. "आता काही नको! वारा पडलाय. आधी उडू दे, मग सांग!"

तिने तळहाताने चेहरा पुसला. "बरं," म्हणाली आणि बाजूला झाली.

फिटरला यातलं काहीही आठवत नव्हतं. मुलीने बंद करायला हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला. "रॉकेट खाली आल्यावर मी विचारलं असेल. विचारलंच असेल गं मी."

धूर झाला. माळ खाली खाली गेला. माणसांचे दोन ठिपके झाले. एक ठिपका रॉकेटच्या दिशेने धावत सुटला. दुसरा जागचा हलला नाही. मग पॅराशूट उघडलं, सगळं गरगर फिरलं आणि कॅमेरा गवतात आडवा पडला. नुसतं गवत दिसत राहिलं. फिटर पडद्याजवळ सरकला. पावलं वाजली, धावत आलेली. बऱ्याच वेळाने दुसरी, सावकाश.

"अगं, एक ओरखडा नाही बघ!" त्याचा आवाज आला.

मग त्याचाच अंगठा भिंगावर आला आणि चित्र काळं झालं.